सफरचंदाखालची गळती

ही वही चुकून कोणी उघडलीच, तर आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर असं की वाण्याची यादी लिहून दिली तर वाणी ती मलाच वाचून दाखवायला सांगायचा. इथे अमेरिकेत यादी सून फोनवर करते, त्यामुळे होता तो सरावही गेला. तरी लिहिते आहे, कारण चार माणसांत बोलायचं म्हटलं की मी पदराचं टोक पिळत बसते. वहीसमोर तसं होत नाही.

लिहायचं आहे ते सातशे डॉलरबद्दल. ते पैसे आमचे नव्हते. मी गप्प बसले म्हणून ते आमच्या घरात आले.

आम्ही राहतो ते एक लहान बेट आहे. मुलाची नोकरी रेडमंडला, सुनेची बेलव्ह्यूला. तिकडे घरांच्या किमती ऐकून दोघांनी हात टेकले आणि घरून काम करायची मुभा मिळाली तेव्हा इथे बेटावर घर घेतलं. आठवड्यातले तीन दिवस दोघं पहाटेची फेरीबोट धरतात. गाडी बोटीत चढवायची, पलीकडे उतरवायची, संध्याकाळी तेच उलटं. बाकीचे दोन दिवस दोघं आपापल्या खोलीत कानाला यंत्र लावून बसतात. तेव्हा घरात मी असूनही नसते.

बेटाला चारी बाजूंनी पाणी, आणि प्यायला नाही. वर्षातले आठ-नऊ महिने आभाळ गळत असतं, आणि उन्हाळा आला की सगळ्यांच्या तोंडी एकच, पाणी जपून वापरा. मला याचा इतका वैताग यायचा. आमच्या गावी पाऊस पडत नाही म्हणून पाणी नाही, हे निदान समजतं तरी. इथे कोट वाळत नाहीत आणि पाणी नाही.

पाणी कुठून येतं ते सुनेने मला समजावलं होतं. चाळीस-बेचाळीस घरांनी मिळून एक असोसिएशन केली आहे. टेकडीवर त्यांच्या दोन बोअरवेल, एक टाकी, आणि प्रत्येक घराला मीटर. पण बोअर आपली म्हणून पाणी आपलं, असं नाही. पाणी सरकारचं. सरकारने फार पूर्वी एक कागद दिलेला आहे, त्यात लिहिलंय की या विहिरींतून वर्षाला एवढंच उपसायचं, आणि याच जमिनींवर वापरायचं. रस्त्यापलीकडच्या घराचा त्या कागदात उल्लेख नाही, तर त्याला एक बादलीही द्यायची नाही.

“तहानलेला आला तर?” मी विचारलं.

“अहो आई, ग्लासभर द्या हो. नळी लावून देऊ नका.”

आणि कागदापेक्षा जास्त उपसलं तर नुसता कायदा मोडत नाही. गोडं पाणी कमी झालं की खालून समुद्र आत येतो आणि बोअर खारी होते. एकदा खारी झाली की वर्षानुवर्षं तशीच राहते. म्हणून उन्हाळ्यात प्रत्येक घराला मर्यादा. मर्यादा ओलांडली की दंड. लागोपाठ तीन महिने ओलांडली की मीटरपाशी एक चकती बसवतात, मग नळाला करंगळीएवढी धार येते. हे सगळं मी ऐकलं, मान हलवली, आणि माझ्या डोक्यात त्यातलं एकच राहिलं. पाणी जाऊ शकतं.

आमचे हे नगरपालिकेत चावीवाले होते. कोणत्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं, ती लोखंडी चावी फिरवायचं काम त्यांचं. एक दिवसाआड तासभर पाणी. लोकांना वाटायचं चावीवाल्याच्या घरी नळ चोवीस तास वाहतो. यांनी आमच्या गल्लीला कधी पाच मिनिटं जास्त दिली नाहीत, आणि तरी बायका मला ऐकवायच्या, “तुमचं काय बाई, तुमच्या घरात चावी.” पाणी यायच्या दिवशी मी चारला उठायचे. आधी घरातलं होतं नव्हतं ते पाणी ओतून द्यायचं, भांडी घासायची, आणि पाणी आलं की पुन्हा काठोकाठ भरायची. कालचं पाणी शिळं. ताजं येणार असताना शिळं ठेवायचं नाही, हे मला सासूबाईंनी शिकवलं आणि आमच्या गल्लीत सगळ्याच तसं करायच्या. पाण्याचे हाल असलेल्या गावात आम्ही दर दिवसाआड पाणी ओतत होतो, हे मला आजवर कधी विचित्र वाटलं नव्हतं.

गेल्या जूनमध्ये असोसिएशनचं पत्र आलं, की पंपाच्या कामासाठी मंगळवारी चार तास पाणी बंद राहील. सून म्हणाली, “चारच तास, काही करायची गरज नाही.” मला रात्री झोप लागली नाही. रविवारी दुकानात गेलो तेव्हा मी कचऱ्याचे दोन मोठे नवे डबे गाडीत ठेवले.

“आई, एवढे मोठे? कशाला?” मुलाने विचारलं.

“लागतात,” मी म्हणाले. त्याने पुढे विचारलं नाही. तो आयुष्यात कधी पुढे विचारत नाही, आणि मी कधी पुढे सांगत नाही. आमचं असंच चालतं.

डबे मी गॅरेजच्या कोपऱ्यात मांडले आणि नळीने भरले. शिवाय चार बादल्या, दोन पातेली, आणि एक स्टीलची मोठी कळशी, जी मी विमानातून कपडे भरून आणली होती. मंगळवारी पाणी गेलं आणि चार तासांनी आलं. मग मी पाणी आल्यावर जे करायचं ते केलं. शिळं ओतलं, ताजं भरलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. इथे तर पाणी रोज येत होतं, म्हणून मीही रोज करत होते. पहाटे दोघं फेरीला गेले की, किंवा उठायच्या आधी. बादलीबादलीने मागच्या अंगणात नेऊन सफरचंदाच्या झाडाखाली ओतायचं. कंबर धरायची, पण बरं वाटायचं. सकाळी भरलेली भांडी बघितली की दिवस नीट सुरू झाला असं वाटायचं.

जुलैच्या सुरुवातीला पहिला दंड आला. मुलाने पत्र दोनदा वाचलं. मग घरात कोण किती वेळ अंघोळ करतं यावरून दोघांची जुंपली.

“तुझे केस धुवायला अर्धा तास लागतो, यार.”

“आणि तू दाढी करताना नळ चालू ठेवतोस ते?”

मी भाकरी थापत होते. माझ्या मनात खरंच आलं नाही की हे माझं असेल. मी पाणी वापरतच नव्हते. मी फक्त भरत होते.

ऑगस्टमध्ये दुसरा दंड आला, पहिल्यापेक्षा मोठा. दोन्ही मिळून सातशे डॉलर. सोबत लिहून आलं होतं की अजून एक महिना असं झालं तर चकती. पण गळती सापडली, ती दुरुस्त केल्याची पावती दिली, आणि मीटरवरचा वापर खाली आला, तर दंडाचे पैसे परत मिळतील. मुलगा म्हणाला, “गळतीच असणार. एवढं पाणी माणसं वापरूच शकत नाहीत.”

मी मनात बादल्या मोजायला लागले, आणि मोजणं अर्ध्यावर सोडून दिलं.

गळती शोधणारा माणूस आला तो तासाच्या हिशोबाने पैसे घेणारा. कानाला यंत्र, हातात एक दांडी. दांडी जमिनीला टेकवायचा आणि डोळे मिटून ऐकायचा, डॉक्टर छाती तपासतात तसा. पुढच्या अंगणात काही ऐकू आलं नाही. मग तो मागे गेला. अख्ख्या बेटावर गवत पिवळं पडलेलं, आणि आमच्या सफरचंदाखाली हिरवंगार, पोपटी. त्याने बूट दाबला तर बुटाभोवती पाणी आलं. त्याचा चेहरा उजळला. मुलाचाही. दोघांनी एकमेकांच्या पाठीवर थाप मारली.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. दार उघडून दोन शब्द बोलायचे होते. मराठीत बोलायचे होते, माझ्याच मुलाशी. नाही बोलले. परका माणूस उभा आहे, तो काय म्हणेल, एवढंच डोक्यात. तो मला ओळखतही नव्हता आणि पुन्हा कधी भेटणारही नव्हता, आणि मी त्याची लाज धरली.

दुसऱ्या दिवशी छोटं खोदायचं मशीन आलं. सफरचंदाच्या मुळांपासून घराच्या भिंतीपर्यंत चर खणला. पाइप सापडला, कोरडा. तरी एका जोडावर गंज होता, म्हणून त्या माणसाने तो बदलला आणि म्हणाला, हाच असणार. मुलाने हे मोठं बिल भरलं. मी त्याच पहाटे, मशीन यायच्या आधी, डबे कसेबसे कलते करून रिकामे केले होते आणि आत हिवाळ्यातले कोट भरून ठेवले होते. म्हणजे बघा, मला कळलं होतं. कळलं नसतं तर कोट कशाला भरले असते.

सप्टेंबरमध्ये मीटर सरळ खाली आला. मुलाने पावती जोडली, अर्ज पाठवला, आणि असोसिएशनने सातशे डॉलरचा चेक दिला. मुलगा खूश. “आई, बघ, या देशात सिस्टिम आहे. खरं असेल तर पैसे परत मिळतात.” मी म्हटलं, “जेव, गार होतंय.”

तसंच विसरलं गेलं असतं. पण ऑक्टोबरात असोसिएशनची सभा होती. सूनबाई म्हणाली, चला आई, सगळी भेटतात, प्रत्येक घरातून काहीतरी खायला नेतात. मी कोथिंबीर वड्या केल्या. हॉलमध्ये घड्या घालायच्या खुर्च्या, कॉफी, आणि पुढे एक म्हातारा उभा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तोच मीटर वाचायला येतो, सगळं फुकट, एका गुडघ्याने लंगडत. पैशांचा हिशोबही तोच बघतो. तो बराच वेळ बोलला. सून मला कानात सांगत होती.

विहिरीत खारेपणा वाढतोय का, हे सतत मोजणारं यंत्र यंदा बसवायचं होतं. तेवढे पैसे उरले नाहीत, आम्हाला परत दिलेले सातशेही त्यातूनच गेले होते, म्हणून पुढच्या वर्षावर ढकललं. जानेवारीपासून प्रत्येक घराला महिन्याला थोडे जास्त भरावे लागतील. समोरच्या रांगेतली एक म्हातारी मान हलवत राहिली. मग म्हाताऱ्याने आमच्याकडे हात केला आणि हसून काहीतरी म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

“काय म्हणाला?” मी विचारलं.

“म्हणाला, या घरासारखं सगळ्यांनी करा. वेळेवर गळती शोधली, खर्च केला, विहीर वाचवली.”

लोक माझ्याकडे बघून हसत होते. एकीने वडी उचलून अंगठा दाखवला. मला त्या टाळ्यांचा इतका राग आला. स्वतःचा यायला हवा होता, पण आला टाळ्यांचा. घरी येताना मी गाडीत म्हटलं, “त्यांना काही दुसरा उद्योग नाही का?” सून म्हणाली, “अहो, कौतुक केलं त्यांनी.” मी म्हटलं, “तेच.”

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला म्हातारा मीटर वाचायला आला. रस्त्याच्या कडेला जमिनीत खोका आहे, झाकण उचलायचं, वाकून आकडे लिहायचे. एरवी मी पडद्यामागून बघायचे. त्या दिवशी मी साडी नीट केली, कोट घातला, आणि बाहेर गेले. इंग्रजीतले चार शब्द पाठ करून ठेवले होते, ते दारापर्यंत पोचेपर्यंत विसरले. मी फक्त हाताने त्याला थांब म्हटलं. मग गॅरेजमधून एक डबा काढला, कोट बाहेर टाकले, आणि नळी लावून नळ सोडला.

तो “नो, नो” म्हणत पुढे आला. मी त्याला मीटरकडे बोट दाखवलं. तो गुडघ्यावर बसला आणि खोक्यात बघत राहिला. काटा फिरत होता. डबा अर्धा भरल्यावर मी नळ बंद केला, दोन बादल्या उपसल्या, आणि मागे चालू लागले. तो मागून आला. चर बुजवला होता, माती अजून उघडीच होती. मी दोन्ही बादल्या झाडाखाली ओतल्या आणि छातीवर हात ठेवला.

“मी,” मी म्हणाले. “एव्हरी डे. नो लीक.”

तो मातीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मग म्हणाला, “व्हाय?”

हा शब्द मला कळतो. त्याचं उत्तर मला इंग्रजीत येत नव्हतं आणि खरं सांगायचं तर मराठीतही धड येत नव्हतं. मी सुनेच्या खिडकीवर टकटक केलं. ती कानाचं यंत्र काढत, मोज्यांवरच बाहेर आली.

“आई, माझी मीटिंग चालू आहे. काय झालं?”

“याला सांग, गळती नव्हती. पाणी मी ओतत होते. दोन महिने.”

“तुम्ही? ते मशीन आलं, खणलं, तेव्हा तुम्ही घरात होतात ना?”

“होते.”

“मग बोलला का नाहीत?”

“आधी याला सांग. तो गुडघा धरून उभा आहे.”

तिने सांगितलं. त्याने पुन्हा तेच विचारलं, का. मी म्हटलं, “सांग, पाणी शिळं होतं.”

“अहो आई, पाणी शिळं होतं हे मी इंग्रजीत कसं सांगू?”

पण सांगितलं तिने. त्याने ऐकलं, डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि काहीतरी म्हणाला. सुनेला हसू आवरेना आणि रागही आवरेना. “तो म्हणतोय, या विहिरीतलं पाणी त्याच्या जन्माच्या आधी पडलेल्या पावसाचं असेल. एवढं शिळं तुम्हाला चालतं, तर कालचं का चालत नाही?”

इतकी वर्षं मला हे कोणी विचारलं नव्हतं. आमच्या गल्लीत विचारलं असतं तर मीच त्या माणसाला वेड्यात काढलं असतं.

हसणं संपल्यावर त्याने वही काढली. गळती नसेल तर पैसे परत घ्यावे लागतील, हा नियम त्याचा नाही, सगळ्यांचा आहे, असं तो म्हणाला. एकदम नको, हप्त्याने चालेल. जाताना त्याने डब्यातलं उरलेलं पाणी बघितलं आणि बोटाने बजावलं, हे ओतायचं नाही. मी पुढचे चार दिवस त्या पाण्याने फरशी पुसली.

संध्याकाळी मुलगा फेरीवरून आला. सुनेने त्याला दारातच सांगितलं होतं. तो बूट न काढता खुर्चीवर बसला.

“आई, अर्जावर माझी सही आहे. त्या हॉलमध्ये मला सगळे ओळखतात. मी खोटारडा ठरलो.”

“तुला माहीत नव्हतं, हे हिने त्या म्हाताऱ्याला सांगितलंय.”

“आणि तू तीन महिने गप्प. मी त्या खड्ड्यात उतरून पाइप चाचपत होतो, आणि तू आतून मला चहा पाठवत होतीस.”

“साखर कमी घातली होती,” मी म्हटलं. का म्हटलं माहीत नाही. त्याने तोंड फिरवलं. हसला की काय ते मला दिसलं नाही.

“देतो मी सातशे. विषय संपव.”

“तू नाही द्यायचे. तुझ्या बाबांच्या मागे मला मिळते त्या पेन्शनमधून.”

“अगं, रुपयांचे डॉलर करून काय उरतं त्यात?”

“महिन्याला शंभर उरतात. मी विचारलंय हिला.”

“खणायचा खर्च पण देणार आहेस का मग?”

तो मी देऊ शकत नाही, हे त्यालाही माहीत होतं. मी म्हटलं, “तो तुझा. तुला विचारायला हवं होतं मला, डबे कशाला म्हणून.” सून म्हणाली, “दोघंही सारखेच आहात,” आणि पोळ्या वाढायला घेतल्या.

तेव्हापासून दर महिन्याला माझी पेन्शन तिकडच्या बँकेत जमा होते, मुलगा ती आपल्या नावे घेतो आणि इथे शंभर डॉलरचा चेक लिहितो. प्रत्येक वेळी कुरकुरतो, की भाव बघ, आज रुपया आणखी पडला, वरचे मी घालतो. मी म्हणते, लिहून ठेव. तो लिहून ठेवत नाही, मी ठेवते. वरचे पैसे मी त्याला पुढच्या पेन्शनमधून देते आणि तो वैतागतो. वैतागू दे. मला इतके महिने या घराचा, या बेटाचा, पावसाचा आणि त्या कागदाचा वैताग आलाच आहे.

चेक मी स्वतः घेऊन जाते. हॉलच्या दाराला पत्र टाकायची फट आहे, तिथपर्यंत चालत वीस मिनिटं. पोस्टाने पाठवता आला असता. पण मला तो माझ्या हाताने आत पडलेला ऐकायचा असतो. फेब्रुवारीत एकदा म्हातारा आतच होता. दार उघडून त्याने मला कॉफी विचारली. मी नको म्हटलं, तरी दारात थांबले. त्याने भिंतीवरचा कागद दाखवला, घराघरांचे मीटर लिहिलेला. आमच्या ओळीवर बोट ठेवून त्याने मान डोलावली. आमचा आकडा सगळ्यांत खालच्या आकड्यांत होता. मी अजून पहाटे चारला उठते, त्याला इलाज नाही. उठते, एक तांब्या भरते, झाकण ठेवते, आणि दुसऱ्या दिवशी तोच पिते. पहिल्या आठवड्यात घशाखाली उतरत नव्हता.

मुलगा अजून सभेला जायला तयार नाही. सून एकटी जाते. तिने सांगितलं की म्हाताऱ्याने सगळ्यांना खरं काय ते एका वाक्यात सांगितलं, नाव न घेता. पण चाळीस घरांत नाव घ्यायची गरज काय. समोरच्या रांगेतली ती म्हातारी आता रस्त्यात भेटली की हसत नाही. तिचे महिन्याचे पैसे वाढले ते वाढलेच. त्यावर मला काही करता येत नाही.

कालचा चेक सातवा होता. आज म्हातारा मीटर वाचायला आला तेव्हा त्याने दार वाजवून मला पावती दिली. सून घरी नव्हती, म्हणून मीच वाचली. आकडे मला येतात. सातशे देणं, सातशे जमा, बाकी शून्य. खाली त्याची सही. मी पण सही करायची होती, ती मी मराठीत केली.